साठ दिवस आणि आतेभावाचे घर

नागपुरात बी.आर्क.ची पाच वर्षे संपली की पदवी मिळते, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी होते आणि 1972 च्या कायद्यानुसार आपण स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेऊ शकतो. त्यासाठी वेगळी परवाना परीक्षा द्यावी लागत नाही. अमेरिकेत तसे नाही. शिकागोत एम.आर्क. करून मी नोकरीला लागले, तेव्हा माझ्या कार्डावर ‘डिझायनर’ असे छापून आले. धरमपेठेतून आईने फोनवर विचारले, "सात वर्षं शिकून डिझायनर? कशाची, साड्यांची?"

परवान्यासाठी पदवीखेरीज कामाचा अनुभव लागतो. एनकार्ब या, अमेरिकेतील राज्यांच्या परवाना मंडळांच्या संस्थेकडे सहा क्षेत्रांत मिळून 3,740 तास नोंदवायचे असतात आणि वरिष्ठांकडून ते मंजूर करून घ्यायचे असतात. आठ महिन्यांहून जुने तास उशिरा नोंदवले, तर निम्मेच धरले जातात. हा नियम मी अनुभवातून शिकले. परीक्षाही याच सहा क्षेत्रांची असते आणि प्रत्येकाचा पेपर स्वतंत्र असतो: कार्यालयाचे व्यवस्थापन, प्रकल्पाचे व्यवस्थापन, जागेचे विश्लेषण, आराखडा, तपशीलवार नकाशे आणि बांधकामाचा टप्पा. प्रश्न संगणकावर येतात. काही ठिकाणी करार, नियमावलीतील उतारे आणि नकाशे एकत्र दिलेले असतात व त्यांतून उत्तर शोधायचे असते.

नागपूरकराला यातले सगळेच परके वाटत नाही. शिकागोत पाया जमिनीखाली 42 इंच न्यावा लागतो, कारण त्याहून वरच्या मातीतले पाणी हिवाळ्यात गोठते आणि पाया उचलते, हे वाचताना मला आपली काळी माती आठवली. ती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून तिथेही पाया हलत्या थराच्या खाली न्यावा लागतो. भिंतीत बाष्परोधक पडदा कुठल्या बाजूला घालायचा, हे मात्र मला निव्वळ पाठ करावे लागले, कारण वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरवर वाढलेल्या माणसाला घरातली दमट हवा भिंतीत शिरून गोठेल ही भीती कधी वाटलेलीच नसते.

पाच पेपर सुटले आणि बांधकामाच्या टप्प्याचा पेपर गेला, म्हणजे ज्याची मला सर्वांत कमी धास्ती होती तोच. निकालपत्रात कोणता प्रश्न चुकला ते सांगत नाहीत, कोणत्या भागात कमी पडलो एवढेच कळते. माझा कच्चा भाग होता साइटवरची पाहणी. तोच पेपर पुन्हा देण्याआधी 60 दिवस थांबावे लागते. त्या काळात मी नागपूरला आले.

बेसा भागात आतेभावाचे घर बांधणे सुरू होते. मे महिना असल्याने काम सकाळी सहालाच सुरू व्हायचे. मिस्त्रीने विचारले, "मॅडम, कॉलमच्या रिंगा थोड्या दूर दूर लावल्या तर जमून जाईल ना?" मी नाही म्हटले, उभ्या सळयांना बांधणाऱ्या या कड्यांत नकाशात आहे तेवढेच अंतर हवे. मग ओघातच सेंट्रिंगचे टेकू कसे लावायचे, कोणत्या कॉलममध्ये आधी काँक्रीट ओतायचे हेही सांगून टाकले आणि एका कोपऱ्यातल्या सळया वाकलेल्या दिसल्या म्हणून तिथले काम थांबवायला लावले. मिस्त्रीनेही निमूटपणे थांबवले.

घरी परतताना माझ्या लक्षात आले की, परीक्षेतही मी हेच केले असणार. तिथे ए201 नावाच्या करार-अटी प्रमाण मानल्या जातात. त्यांनुसार नकाशाशी न जुळणारे काम नाकारण्याचा अधिकार आर्किटेक्टला आहे, म्हणजे रिंगांबाबत मी बरोबर होते. परंतु काम कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या क्रमाने करायचे ही सर्वस्वी ठेकेदाराची जबाबदारी असते, आणि काम थांबवण्याचा अधिकार मालकाचा असतो. यात आर्किटेक्टची बेफिकिरी नाही. टेकू कसे लावायचे हे जो सांगतो, तो उद्या ते कोसळल्यावर त्या जबाबदारीत ओढला जातो. आपल्याकडे साइटवर सगळे सांगणारा आर्किटेक्ट चांगला समजला जातो, आणि पर्यायांमध्ये नेमके तेच उत्तर मला आपलेसे वाटत होते.

उरलेले दिवस मी पुस्तक कमी आणि तो करार जास्त वाचला. साइटवर पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीसमोर ‘मालक’, ‘ठेकेदार’ किंवा ‘आर्किटेक्ट’ असे लिहीत गेले. दुसऱ्या प्रयत्नात पेपर सुटला, पुढे इलिनॉय राज्याचा परवानाही मिळाला.

त्यानंतर काही दिवसांनी आतेभावाचा फोन आला. स्लॅब पडला होता आणि पाणी किती दिवस मारायचे ते त्याला हवे होते. ठेकेदाराला विचार, असे म्हणणे करारानुसार योग्य ठरले असते. मी म्हटले, "आळी करून पाणी भरून ठेव, आणि कॉलमवरचं गोणपाट दुपारी कोरडं पडू देऊ नकोस."