मध्यबिंदूवर कपाशी उभी होती

ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाईल ॲपवरच्या पीकनोंदणीत, शेतकऱ्यांनी स्वतः केलेल्या नोंदींपैकी किमान 10 टक्के तलाठ्याने शिवारात जाऊन तपासायच्या असतात. बाहेरच्यांना वाटतं, कुठल्या नोंदी बघायच्या हे आम्ही तलाठी मर्जीने ठरवतो. प्रत्यक्षात फोटोच नाही, क्षेत्र जुळत नाही, फोटो गटापासून लांबून काढलाय, अशा शंकेच्या नोंदी आधी समोर येतात. 2023 च्या खरिपातली अशीच एक नोंद अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

मी या उपक्रमाच्या बाजूचा माणूस आहे, हे आधीच सांगतो. गाव नमुना 12, म्हणजे सातबाऱ्यातला पिकांचा भाग, पूर्वी कसा भरला जायचा ते आमच्या खात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. एका सजात, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीत, तीन-चार गावं, हजारांवर गट आणि माणूस एक. मग चावडीत बसून मागच्या वर्षीचं पीक पुढच्या वर्षी उतरवलं जायचं. वावरात सोयाबीन आणि सातबाऱ्यावर ज्वारी, असे उतारे मी स्वतः पाहिलेत. त्याचा फटका पीककर्जाला बसायचा, हमीभाव केंद्रावर बसायचा, नुकसानीच्या पंचनाम्याला बसायचा. 15 ऑगस्ट 2021 पासून महसूल आणि कृषी या दोन खात्यांनी टाटा ट्रस्टच्या मदतीने हे मोबाईल ॲप राज्यभर आणलं. 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा' हे घोषवाक्य भिंतीभिंतीवर लागलं. पिकाची नोंद शेतकऱ्याच्या हातात जाणं ही मोठी गोष्ट आहे आणि ती आणखी आधी व्हायला हवी होती.

पुढच्या आवृत्तीत ॲपमध्ये प्रत्येक गटाचा मध्यबिंदू आला, अक्षांश-रेखांशासह. शेतकरी फोटो काढायला उभा राहिला की तो त्या बिंदूपासून किती दूर आहे ते ॲप सांगतं. घरी बसून शेजाऱ्याच्या पिकाचा फोटो टाकणाऱ्यांना त्याने आळा बसला, हे मी सजात पाहिलंय.

पण जमीन नकाशासारखी नसते. गटाचा मध्यबिंदू एक आणि कसणारे चार, हे आमच्याकडे घरोघरचं आहे. भावाभावांत तोंडी वाटणी होते, मधे धुरे, म्हणजे बांध पडतात, पिढी निघून जाते. जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली वाटप करून घ्यायचं, मोजणीची फी भरायची, पोटहिस्सा नकाशावर आणायचा, हे फार थोडे लोक करतात. सातबारा सामाईकच राहतो आणि नकाशावर गट अखंड दिसतो.

त्या सप्टेंबरात विदर्भात सोयाबीनवर पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग पडला होता. आठ-दहा दिवसांत हिरवी वावरं पिवळी होत होती, शेंगा धरल्या होत्या पण भरत नव्हत्या. विम्याच्या तक्रारींचा पाऊस पडत होता. माझ्या यादीत एका विधवा बाईंची नोंद होती: मिश्र पीक, सोयाबीन आणि तूर, फोटो मध्यबिंदूपासून लांब. तेच नाव कृषी खात्याच्या सहायक ताईंच्या यादीतही होतं, कारण बाईंनी सोयाबीनचा विमा उतरवून नुकसानीची तक्रार केली होती. आणि विमा कंपनीच्या प्रतिनिधीने आधीच शेरा मारला होता, शेतात कापूस.

दोन खात्यांचं सहकार्य म्हणतात ते खरं तर याद्या जुळवण्यात अडकतं. आमची यादी गटानुसार, त्यांची अर्ज क्रमांकानुसार. आमच्याकडे नाव सातबाऱ्यावरचं, त्यांच्याकडे आधारवरचं, तेही इंग्रजी स्पेलिंगमध्ये. नवऱ्याचं नाव कुठे मधे, कुठे नाहीच. ताईंनी संध्याकाळी उशिरापर्यंत बसून ती जुळवाजुळव केली आणि मला फोन करून सांगितलं, 'भाऊ, ही नोंद तुम्ही एकट्याने बघू नका, मी पण येते. कंपनीच्या पोरालाही बोलावते.' असं सांगणारी माणसं दोन्ही खात्यांत कमी आहेत. बहुतेकांना आपल्या रकान्यात टिक पडली की काम संपल्यासारखं वाटतं.

पांदणीत पोटरीइतका चिखल होता. गाड्या गावातच ठेवून आम्ही चालत गेलो. गावातला माझा मदतनीस कोतवाल पुढे, मग ताई, मी आणि तो प्रतिनिधी. मोबाईल हातात धरून मध्यबिंदूपर्यंत पोचलो. आजूबाजूला कमरेइतकी कपाशी, खाली बोंडं धरलेली, वर फुलं. प्रतिनिधी म्हणाला, 'बघा ना सर, कापूसच आहे.' त्याच्या दृष्टीने तो खरंच बोलत होता. फोन जिथे घेऊन जातो तिथे तो गेला होता आणि जे दिसलं ते त्याने लिहिलं होतं. मीही तिथूनच परत फिरलो असतो, तर नियमाप्रमाणे माझी पडताळणी पूर्ण झाली असती.

कोतवाल म्हणाला, 'साहेब, हे वावर बाईचं नोहे. तिच्या भासऱ्याचं हाय.' भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ.

तेवढ्यात नाल्याच्या पलीकडून हाक आली. बाई काठावर उभ्या होत्या. 'पटवारी साहेब, माह्यं वावर इकडं हाय न! तिकडं काय पाहून राहिले?'

नाल्यात गुडघाभर पाणी होतं. ताईंनी चपला हातात घेतल्या आणि आमच्या आधी उतरल्या. पलीकडे गटाचाच भाग, लांब चिंचोळी पट्टी, नाल्याने मूळ वावरापासून तोडलेली. सोयाबीनचे तास आणि मधे मधे तुरीचे. तूर हिरवीगार. सोयाबीनची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरवट. ताईंनी दोन-तीन झाडं उपटली, शेंगा हातावर सोलल्या. काही पोचट, काहींत ज्वारीएवढा दाणा. त्यांनी ते दाणे प्रतिनिधीच्या तळहातावर ठेवले आणि त्यालाच फोटो काढायला लावला. माझ्या मोबाईलवर मध्यबिंदूपासूनचं अंतर तीनशे मीटरच्या वर दाखवत होतं.

मी तिथेच धुऱ्यावर बसून पंचनामा लिहिला. चतुःसीमा, नाल्याची जागा, कोण कुठला हिस्सा कसतो, तोंडी वाटणी कधीची. भासऱ्यालाही बोलावून घेतलं. वाटणीवरून या घरात फारसं सख्य नव्हतं, पण त्याने 'नाल्यापलीकडचं तिचंच' म्हणून सही केली. प्रतिनिधीनेही केली. मी मिश्र पिकाची नोंद कायम केली. विम्याची रक्कम बाईंना उशिरा मिळाली, पण सोयाबीनची मिळाली.

मला छळणारी गोष्ट वेगळी आहे. बाईंनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. शेजारच्या मुलाला घेऊन त्या स्वतःच्या पिकात उभ्या राहिल्या, खरा फोटो काढला, मिश्र पीक हा बरोबर पर्याय निवडला. तोच खरेपणा यंत्रणेत संशय म्हणून नोंदला गेला. भासऱ्याच्या कपाशीत उभं राहून त्यांनी खोटा फोटो काढला असता, तर अंतराची शंकाच निघाली नसती.

तालुक्याच्या बैठकीत मी हे मांडलं. सामाईक गटात, सगळ्या खातेदारांचा जबाब घेऊन, प्रत्येक वहिवाटीसाठी वेगळा बिंदू टाकायचा अधिकार तलाठ्याला द्या, एवढंच मागणं होतं. 'लेखी प्रस्ताव द्या,' असं उत्तर मिळालं. दिला. त्याच बैठकीत नागरी सेवा दिनाच्या सादरीकरणाची तयारी चालू होती आणि एका स्लाईडवर पडताळणी 100 टक्के पूर्ण असं झळकत होतं. त्यातल्या किती नोंदी कसणाऱ्याच्या धुऱ्यावर जाऊन पाहिल्या, हे त्या स्लाईडवर नव्हतं. नवोपक्रमाला बक्षीस जरूर द्यावं, पण तो राबवताना काय अडलं याचाही एक रकाना असावा, असं मला मनापासून वाटतं.

आता डिजिटल क्रॉप सर्व्हे, म्हणजे पीकपाहणीची नवी मोबाईल पद्धत आली आहे, तिच्यासाठी गावोगाव सहायक पोरं नेमली आहेत. पोरं चुणचुणीत आहेत, पण फोन नेईल तिकडे जातात. म्हणून ताईंनी आणि मी बसून सजातल्या ज्या गटांमधून नाला किंवा रस्ता जातो त्यांची यादी केली आणि पोरांच्या हातात दिली. शेजारच्या सजातल्या तलाठ्याने परवा ती मागितली. नुसती यादी त्याच्या कामाची नाही, म्हणून रकाने पाठवले: गट नंबर, खातेदार, कोण कुठल्या बाजूला कसतं, मध्यबिंदूवर कोणाचं पीक. चौथा रकाना कोतवालाला सोबत नेऊन भर, असं त्याला फोनवर सांगितलं आहे.