ताडाचं आढं आणि गोणपाटाच्या भिंती: जाफन्यातलं आमचं बिऱ्हाड

आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला एखादा ‘परदेशात होता’ म्हटलं की लोक मस्कत, कुवेत नाहीतर बोटीवरची नोकरी धरून चालतात. मी परदेशात राहिलो तो श्रीलंकेत, मराठा लाइट इन्फंट्रीचा शिपाई म्हणून, भारतीय शांतिसेनेत. तिथल्या लढाईवर बरंच लिहून झालंय आणि ते लिहिणारे माझ्यापेक्षा जाणकार आहेत. पण तुम्ही राहत कुठे होता, झोपत कशावर होता, पाऊस आला की काय करत होता, हे मला आजवर फक्त पुतणीने विचारलं. तिला तोंडी सांगितलं ते जरा नीट लिहून काढतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: २९ जुलै १९८७ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. त्यानुसार आपली फौज तमिळ संघटनांची हत्यारं जमा करून घ्यायला गेली. ऑक्टोबरात त्यांतल्याच लिट्टे या संघटनेशी जुंपली आणि उत्तरेकडचं जाफना शहर घेण्यासाठी ‘ऑपरेशन पवन’ सुरू झालं. आम्ही पलालीच्या धावपट्टीवर उतरलो तोवर शहर हाती आलं होतं. गावं, पायवाटा आणि रात्र मात्र अजून त्यांचीच होती.

पहिला मुक्काम एका शाळेत पडला. दोन बाकं जोडली की खाट तयार, फक्त मधली फट नेमकी पाठीखाली यायची. उताणं पडलं की डोक्यावर कौलं दिसायची आणि त्यांच्या आतल्या अंगावर मंगळूरचा छाप. घरी पडवीत निजताना लहानपणी हाच छाप वाचत झोप लागायची. मंगळूरहून सिलोनला कौलं जायची हे मला तेव्हा कोण सांगणार! मला आपलं वाटलं, इतक्या लांब येऊन छप्पर तर आपलंच आहे.

ते सुख फार टिकलं नाही. आमच्या सेक्शनला एका तिठ्यावरची चौकी मिळाली. चौकी म्हणजे एक सोडून दिलेलं घर, मागे विहीर, परसात ताड आणि चार माड. घरात सरळ शिरायचं नाही, हा पहिला धडा. रिकाम्या घरांच्या दारांना, कपाटांना, कधी नुसत्या पडलेल्या भांड्यालाही स्फोटकं जोडलेली असायची. कडीला लांब दोरी बांधायची, भिंतीआड आडवं व्हायचं आणि ओढायचं. दार करकरत उघडलं, काही झालं नाही, तरी उठायला कुणी पुढे होईना. मग खटावकडचे आमचे हवालदार शिवी हासडून उठले.

घरात सामान ठेवलं, आम्ही राहायचं ठरलं मोर्च्यात. फौजेत बंकरला मोर्चाच म्हणतात. खणायला घेतलं तर वर सुरेख लाल माती, आमच्याकडच्यासारखीच, आणि दोन हातांच्या आत चुनखडीचा खडक. पहार उलटी अंगावर यायची. सगळं जाफना या खडकावरच वसलंय, त्यामुळे मोर्चा जेवढा जमिनीखाली त्याहून जास्त जमिनीवर बांधावा लागला.

गोणपाटाच्या पिशव्यांत ती लाल माती भरायची, पाऊणच. गच्च भरली की गोणी गोल होते आणि थराला बसत नाही. तोंड आतल्या बाजूला दुमडायचं, शिवण बाहेर येऊ द्यायची नाही, एक थर आडवा, एक उभा, आणि प्रत्येक थर फावड्याच्या पाठीने बडवून सपाट करायचा. हे हवालदारांना पाठ होतं. छपराचं काम निघालं तेव्हा मात्र ते आम्हा कोकणातल्या पोरांकडे बघायला लागले. ताड म्हणजे माडाचा भाऊ समजून त्यांनी कुऱ्हाड घातली, ती टणकन परत आली. वसईकडचा एक पोरगा हसून लोळायचा बाकी होता. ताडाचं लाकूड बाहेरून काळं आणि लोखंडी, आतला गाभा मऊ. त्याला करवत लागते आणि धीर लागतो. त्या मुलाने खोड कापून दिलं. आम्ही दक्षिण कोकणातल्यांनी शेतावरचा मांगर उभारतात तसे खांब पुरून त्यावर आढं घेतलं. छपराचं वजन गोण्यांच्या भिंतीवर टाकायचंच नाही, कारण गोणी खचली की छप्पर आतल्या माणसांवर. खांबांवर ताडाची खोडं शेजारी शेजारी, त्यावर पत्रे, वर ताडपत्री, मग गोण्यांचे थर आणि माती. पत्र्यांच्या खाली एक थर कमी पडत होता, तिथे घराचं मागचं दार उचकटून घातलं. त्या दाराचं पुढे सांगतो.

सगळ्यात वर झाप. माडाच्या झावळ्या चिरून, भिजवून मी आणि दापोलीकडचा एक गडी विणायला बसलो. कुंपणापलीकडून एक म्हातारी बघत होती. त्यांच्याकडची कुंपणंही झावळ्या विणूनच केलेली. ती काही बोलली नाही, आम्हीही नाही. बोलायला भाषाच नव्हती, आणि असती तरी काय बोललो असतो?

मग पाऊस आला. आपल्याकडे नवरात्र झालं की पाऊस संपला म्हणून माणूस भात कापायला निघतो; तिकडे ईशान्येचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो आणि वर्षाचा बहुतेक तेवढाच. पहिल्याच रात्री मोर्च्यात गुडघाभर पाणी. खाली खडक, त्यामुळे मुरायलाही तयार नाही. घाटावरचे गडी डबे घेऊन उपसत बसले. आम्ही सकाळी भोवताली चर खणला, छपराला एका अंगाला उतार दिला आणि झाप पुढे काढून पागोळ्या भिंतीपासून हातभर लांब पाडल्या. आत दारूगोळ्याच्या पेट्यांच्या फळ्या ठोकून माच केला. निजायचं माचावर, बूट उशाला, रायफल कुशीत. पेट्या उलट्या घातल्या की टेबल, सुलट्या घातल्या की कपाट. एवढं करूनही भिजलेलं गोणपाट सडायचंच. आठवड्यात एखादी गोणी फाटून लाल चिखल अंगावर यायचा आणि रात्रीतून नवी भरावी लागायची. ओल्या गोणपाटाचा, रॉकेलचा आणि रायफलच्या तेलाचा मिळून जो वास असतो तो मला अजून भाताच्या गोदामात गेलो की येतो, रायफल नसतानाही.

फळ्यांखाली एकदा खर्रर्र असा आवाज आला. हवालदारांना वाटलं स्टोव्ह गळतोय. मी म्हटलं, साहेब, हलू नका, फुरसं आहे. सिंधुदुर्गात सड्यावर वाढलेल्या माणसाला तो आवाज शिकवावा लागत नाही. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून ते असं करवतीसारखं वाजतं. आम्हाला वाटायचं फुरसं ही आपलीच मिरासदारी, तर ते तिकडच्या कोरड्या किनाऱ्यावरही मजेत होतं. काठीने उचलून लांब टाकलं. त्या दिवसापासून खटावकर बूट झाडल्याशिवाय घालत नसत.

अंधार पडला की बत्ती बंद. पत्रं आली तर उजेड असेतो वाचायची. आई शेजारच्या मास्तरांकडून लिहून घ्यायची आणि मास्तर तिचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे: ‘बाबा, थंय पाऊस कसो आसा? रवतंस ता घर गळता काय?’ मी उत्तर दिलं, घर पक्कं आहे, छप्पर ताडाचं आहे. खोटं काहीच नव्हतं त्यात.

२५ नोव्हेंबरला कंदरोडै गावात महार रेजिमेंटच्या ८व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या तुकडीला घेरलं गेलं. छातीत गोळी लागल्यावरही ते लढत राहिले आणि तिथेच गेले. परमवीर चक्र मिळालं ते मरणोत्तर. बातमी चौकीपर्यंत आली त्या दिवशी कुणी न सांगता आम्ही भिंतीला गोण्यांचा आणखी एक थर चढवला. त्याचा काय उपयोग होणार होता कोण जाणे. हातांना काम हवं होतं.

दाराचं राहिलं. कर्फ्यू सैल झाल्यावर घरमालक आला. सायकल हातात धरून चालत, पांढऱ्या वेष्टीत, साठीचा माणूस, बहुधा पेन्शनर. मोडकं इंग्रजी आमच्या साहेबांचंही होतं आणि त्याचंही. त्याने परसात फिरून तोडलेले ताड मोजले. ताड वाढायला वर्षं लागतात, हे तो आम्हाला सांगत होता आणि आम्हाला ते चांगलंच कळत होतं. भरपाई मागितली नाही. मागचं दार तेवढं परत द्या म्हणाला, घरात बायका येणार आहेत. हवालदारांनी एकदा छपराकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे, आणि छप्पर उकलायला सांगितलं. दुपारभर खपून दार काढलं, धुतलं, बिजागऱ्या ठोकून बसवून दिलं. संध्याकाळी पाऊस झाला आणि त्याच कोपऱ्यात गळायला लागलं, ते आम्ही तिथून हलेपर्यंत गळतच राहिलं. फौजेने लोकांच्या घरात राहावं की नाही यावर मोठी माणसं वाद घालोत. त्या एका कोपऱ्यात निजायची पाळी माझी असायची, तरी दार परत दिलं हे मला बरं वाटलं. ताड काही आम्हाला परत देता आले नाहीत. पुढच्या लढायांत तर दोन्हीकडच्या बंकरांसाठी ते बेसुमार तुटले.

नंतर आम्ही वावुनियाच्या जंगलात गेलो. तिथे तंबू, मच्छरदाणी, मलेरियाच्या गोळ्या आणि कंटाळा, एवढंच. शांतिसेनेची शेवटची तुकडी २४ मार्च १९९०ला त्रिंकोमालीहून निघाली. अकराशेहून जास्त जवान तिकडेच गेले. कोलंबोजवळ बत्तरमुल्लला त्यांचं स्मारक आहे, नावं कोरलेली आहेत. आता आपल्याकडून टूर जातात त्या कँडी आणि बीच करून येतात. वाट थोडी वाकडी केली तर तेही बघून होईल.

जाफन्याला २०१४पासून पुन्हा रेल्वे जाते आणि २०२३मध्ये नागपट्टणमहून कांकेसन्तुरैला प्रवासी बोटही सुरू झाली. पुतणी म्हणते, काका, चला जाऊ, ते घर शोधू. तिठा मला सापडेल. फॉर्म तिने मोबाइलवर भरायला घेतलाय, माझ्याकडे पासपोर्ट नाही. पहिल्या खेपेला कुणी मागितला नव्हता.