गावाला नाही गेलात?

एप्रिलचा दुसरा आठवडा उलटला की हा प्रश्न सुरू होतो, तो थेट पहिला पाऊस पडेपर्यंत चालतो. वाणी विचारतो, इस्त्रीवाला विचारतो, खालच्या मजल्यावरच्या काकू तर मला रोज गॅलरीत बघूनही विचारतात. विचारण्यात थोडी काळजी असते, थोडी कीव. सगळी बिल्डिंग कोकणात नाहीतर घाटावर गेलेली आणि ही बाई मात्र पदराने घाम टिपत इथेच. हिला कोणी नाही की काय! आजवर "यंदा नाही जमलं" म्हणून वेळ मारून नेली. पण परवा पुण्याच्या भाचीने फोनवर जरा खोदूनच विचारलं, "मावशी, अगं त्या उकाड्यात तू ठाण्यात करतेस तरी काय?" म्हटलं, एकदाचं नीट सांगून टाकावं. तुम्ही विचारलंत म्हणून.

पहिलं कारण अगदी रुक्ष. एकतीस वर्षं मी रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीवर होते. मे महिना आणि गणपती या दोन वेळा आमच्याकडे रजा मागायची पद्धतच नव्हती. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि मग तर बघायलाच नको. लोक आदल्या रात्री वर्तमानपत्रं अंथरून रांगेत बसायचे. सकाळी खिडकी उघडली की लाल डोळ्यांचे, दाढी वाढलेले चेहरे आणि एकच जप : खेड, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ. वेटिंग ऐकल्यावर एकेकाचं तोंड असं उतरायचं, जणू मीच जाऊन त्यांच्या सीटवर बसले आहे. असं अख्खं ठाणं गावाला धाडायचं आणि संध्याकाळी आपण चालत चरईत घरी यायचं. माहेर खारकर आळी, सासर चरई, मध्ये तलाव. रडत सासरी जायलासुद्धा रस्ता पुरला नाही. सासऱ्यांचं संगमेश्वराकडे घर होतं म्हणतात. आता तिथे जोतं आहे आणि सातबाऱ्यावर सतरा नावं.

निवृत्त झाले, रजेचा प्रश्न मिटला, तरी गेले नाही. कारण सगळे गेल्यावर मागे जे ठाणं उरतं, त्याची मला चटक लागली होती.

२०११ च्या जनगणनेत या शहरात अठरा लाखांवर माणसं मोजली. त्यानंतर घोडबंदर रोडला जे टॉवर उभे राहिले त्यांचा हिशेब वेगळाच. एरवी गोखले रोड ओलांडायचा तर कुलदैवताचं नाव घ्यावं लागतं. मे महिन्यात तो सहज ओलांडता येतो. राममारुती रोडवर दुकानदार बाहेर खुर्ची टाकून बसतो आणि ओळख देतो. रिक्षावाला चक्क "कुठे जायचंय?" असं स्वतःहून विचारतो. हे बाहेरच्यांना खोटं वाटेल, पण ठाणेकर समजतील.

आणि तलाव दिसतो. तसा तो रोजच तिथे असतो, पण त्याच्याभोवतीच्या गाड्या, हॉर्न आणि सेल्फीवाले कमी झाल्याशिवाय नजर पाण्यापर्यंत पोचत नाही. कागदोपत्री हा मासुंदा तलाव, आमच्या तोंडी तलावपाळी. एका अंगाला कौपिनेश्वर, एका अंगाला सेंट जॉनचं चर्च, टोकाला गडकरी रंगायतन. माझी आई सांगायची की तिच्या सासूबाईंच्या लहानपणी तलावाचं पाणी देवळाच्या पायऱ्यांना लागायचं. मधला रस्ता नंतर झाला. ते देऊळ सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० च्या सुमारास बांधलं. ठाण्यात पूर्वी साठ तलाव होते असं म्हणतात, आता पस्तीसच्या आसपास उरलेत. तरी "तलावांचं शहर" ही पाटी आम्ही उतरवलेली नाही. बाहेरगावच्यांना मात्र ठाणं म्हटलं की दुसरंच आठवतं. कोणी जरा विचित्र वागला की "याला ठाण्याला धाडा." मनोरुग्णालय १९०१ सालचं, आणि हा विनोदही साधारण तितकाच जुना असावा. पुण्याच्या नातेवाइकांना तो अजून नवा वाटतो.

मी साडेपाचला फेरी मारायला निघते. त्या वेळी पाण्यावर वाफेसारखं काहीतरी धरलेलं असतं, पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला असतो आणि पायडलच्या होड्या काठाला बांधलेल्या. मेमध्ये एखाद्या सकाळी वास येतो. काठाशी पांढरी पोटं वर करून मासे तरंगत असतात. लगेच चर्चा सुरू : कोणीतरी विष घातलं. आमच्या फेरीच्या घोळक्यात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर आहेत, त्यांनी मला हे प्रकरण उलगडून सांगितलं. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. हिरवं शेवाळ दिवसा उजेडात प्राणवायू सोडतं खरं, पण रात्री तेही इतरांसारखंच तो ओढून घेतं. त्यात आपण टाकलेलं निर्माल्य, पाव, पिठाचे गोळे कुजतात. कुजायलाही प्राणवायूच लागतो. म्हणून पहाट व्हायच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी उरतो आणि मासे गुदमरतात. तलावातली कारंजी शोभेची वाटतात, पण पाण्यात हवा मिसळायचं कामही ती करतात.

हे कळल्यापासून मी भांडकुदळ झाले. एक गृहस्थ रोज शिळ्या पोळ्यांची पिशवी घेऊन यायचे. म्हटलं, "काका, माशांना मारताय तुम्ही." ते म्हणाले, "ताई, मी पुण्य करतोय." "मग हे पुण्य गायीला घाला," म्हटलं. दोन दिवस ते तलावाच्या पलीकडच्या बाजूने फिरले. आता पिशवी घरी ठेवून येतात, पण माझ्याकडे बघत नाहीत.

उन्हाळ्यातले सण म्हणाल तर सुरुवात पाडव्याची. आदल्या दिवशी जांभळी नाक्यावर बांबू, कडुलिंबाचे डहाळे, साखरेच्या गाठी आणि झेंडूचे ढीग. चालायला पाऊल ठेवायची सोय नाही. संध्याकाळी तलावाकाठी पणत्या लागतात. सकाळी कौपिनेश्वराची पालखी निघते आणि तिच्यामागे स्वागतयात्रा : ढोल-ताशे, लेझीम, चित्ररथ, नऊवारी नेसून फेटा बांधलेल्या बुलेटवरच्या मुली. ही कल्पना मूळ डोंबिवलीची, १९९९ सालची. आमचे ठाणेकर हे कबूल करताना जरा खोकतात. खरं सांगायचं तर आताशा मला ढोलांचा आवाज छातीत बसतो. मी पालखीला हात जोडते आणि मागच्या गल्लीने घरी येते. माझा पाडवा आदल्या संध्याकाळचा, पणत्यांचा. वारा सुटतो, निम्म्या विझतात, आणि अनोळखी माणसं एकमेकांच्या ज्योतीवरून आपली पणती पेटवून घेतात.

मग रामनवमी. कौपिनेश्वराच्या आवारात रामाचंही देऊळ आहे. भर बाराला जन्म, हातावर सुंठवडा, पायाखाली तापलेली फरशी. सगळे भक्त एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत आरती म्हणतात. चौदा एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, आदल्या मध्यरात्रीपासून निळे झेंडे आणि फटाके. दोन दिवसांनी सोळा एप्रिल. हा सण पंचांगात नाही, पण माझ्या पंचांगात आहे. १८५३ साली याच दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमाराला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी आमच्याकडे आली. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, चौतीस किलोमीटर. ठाण्यात तंबू ठोकून त्यांना मेजवानी दिली होती. ऐन एप्रिलमधल्या दुपारी, कोट-पगड्या घालून! मला नेहमी वाटतं, उतरल्या उतरल्या त्यातल्या निम्म्यांनी पहिलं पाणीच मागितलं असणार.

पण माझा खरा उन्हाळा म्हणजे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत असते. म्हणजे महिनाभरात कधीही बोलवा. पूर्वी चरईत रोज दोन घरांची बोलावणी असायची. आता आमच्या जिन्यात मी एकटीच करते. पायऱ्यांची आरास, कलिंगडाचं कमळ, मुलांची जुनी खेळणी, आणि एका कोपऱ्यात माझा आगाऊपणा म्हणून पत्र्याची आगगाडी. आंबेडाळ मी अजून पाट्यावर वाटते. मिक्सरमध्ये डाळीचा पार गोळा होतो; ती भरड राहिली पाहिजे, दाताखाली आली पाहिजे. कैरी किसून, मिरची जरा चढी, वरून हिंगाची फोडणी. पन्हं उकडलेल्या कैरीचं, गुळाचं. साखर घालणाऱ्यांशी माझं वैर नाही, पण मी त्यांच्याकडे दुसरा पेला मागत नाही.

गावाला न गेलेल्या बायका त्या दिवशी कळतात. कोणाच्या सासूचं पाय मोडल्याचं निमित्त, कोणाच्या मुलाची बारावीनंतरची परीक्षा, कोणाला गावात घरच नाही, कोणाला घर आहे पण तिथे तिला कोणी विचारत नाही. एकीने यंदा पन्ह्याचा पेला हातात धरून हळूच सांगितलं, "मी म्हणते नोकरीमुळे जात नाही. खरं तर दिरांनी चाव्या बदलल्यात." कोणी काही बोललं नाही. मी तिच्या ओटीत भिजवलेले हरभरे दोन मुठी जास्त घातले, एवढंच.

संध्याकाळी परत तलावपाळी. भेळ, बर्फाचा गोळा, होडीत बसून भांडणारी जोडपी. मध्येच गावदेवी मैदानातल्या आंबा महोत्सवात एक चक्कर. पेटी उघडून, वास घेऊन, बागायतदाराशी दोन गोष्टी बोलून आंबा घेता येतो. आंब्याइतक्याच त्या दोन गोष्टी मला हव्या असतात. चेंदणी कोळीवाड्यातली माझी एक जुनी सहकारी चैत्रात एकवीरेला कार्ल्याला जाऊन येते आणि नारळाचा प्रसाद धाडते.

उन्हाळा सगळा असा गोड नसतो, हेही सांगायला हवं. दुपारी पंखा फक्त गरम हवा इकडची तिकडे करतो. खाडी जवळ असल्यामुळे अंगाला चिकचिक. पाणी एक दिवस बंद असलं की बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवायचे. पावसाळ्यापूर्वीची कामं म्हणून रस्ते उकरलेले. आणि लग्नसराईतल्या हळदी! आगरी-कोळ्यांच्या हळदीचा डीजे वाऱ्यावर कुठून येतो ते कळत नाही, पण रात्री पुरता माझ्या उशीपाशी मुक्काम करतो. पहिल्या वर्षी चिडले. मग एकदा त्यांच्याच एका हळदीचं बोलावणं आलं, बायकांनी हात धरून मध्ये ओढलं, आणि साठीची मी तीन गाणी नाचले. तेव्हापासून तक्रार करायचं तोंड उरलं नाही.

मेच्या मध्यापासून मी रानमेव्याची वाट बघते. येऊरच्या आणि आसनगाव-कसाऱ्याकडून पहिल्या लोकलने येणाऱ्या आदिवासी बायका टोपल्या घेऊन बसतात. पानाच्या द्रोणात करवंदं, मग तोरणं, आळू ही रानफळं, रायवळ आंबे, शेवटी जांभळं. लोकलच्या डब्यात या टोपल्यांना कोणी जागा देत नाही हे मी नोकरीतली एकतीस वर्षं बघितलंय. म्हणून भावासाठी घासाघीस मी करत नाही. आणि वळवाचा एखादा पाऊस पडून गेला की येतात शेवळं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : रानसुरणाचा फुलोरा, तपकिरी, लांबट, जुडी बांधून विकतात. वरची सालं काढायची, आतला पिवळा भाग निवडून टाकायचा, नाहीतर घसा असा खाजतो की पुन्हा नाव घेणार नाही. खाज मारायला काकडं लागतात, आवळ्यासारखी दिसणारी हिरवी आंबट फळं. ती ठेचून रस घालायचा. मग कोलंबी नाहीतर खिमा. आम्ही सीकेपी लोक यासाठी वर्षभर थांबतो आणि दोन-तीन आठवड्यांत सगळं संपतं. गावाला गेलेले परत येतात तोवर शेवळं गेलेली असतात. ते फणस आणतात, आठळ्या आणतात, आणि "तुम्ही आला असतात तर मजा आली असती" म्हणतात. मी मान डोलावते.

काल संध्याकाळी धुळीचं वादळ झालं, चार टपोरे थेंब पडले. आज सकाळी आसनगावची ती नेहमीची बाई जांभळी नाक्यावर बसली होती, टोपलीत वरच शेवळं. मला बघून हसली आणि म्हणाली, "काय ताई, गावाला नाय गेलात?"

"जाते की," म्हटलं. "आधी दोन जुड्या दे. आणि काकडं मोजून नको देऊस, मूठभर घाल."