एकशे अठ्ठाविसावं पान

आमच्या मालिकेतलं प्रत्येक पुस्तक १२८ पानांचं. विषय भूकंप असो की बालसंगोपन. वाचकाला त्यात शिस्त दिसते. खरं तर तो कागदाचा हिशेब आहे, सोळापानी आठ फर्मे. पॅरिसला १९४१मध्ये सुरू झालेल्या 'क से-ज' म्हणजे 'मला काय ठाऊक?' या मालिकेने याच मापात कायकाय बसवलं, हे आमचे मालक प्रत्येक नव्या लेखकाला चहाबरोबर ऐकवतात. लेखकाला पटतं. हस्तलिखिताला पटत नाही.

भूकंपाचं पुस्तक छपाईला जायच्या दिवशी १३१ पानांवर अडलेलं. डीटीपीवाला म्हणाला, "मॅडम, लीडिंग, म्हणजे दोन ओळींमधलं अंतर, एक पॉइंटने कमी करतो, विषय संपला." संपला कसला! इंग्रजीत खपून जातं ते. देवनागरीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो, आणि 'र्थी'सारखं अक्षर आलं की नुसती जत्रा. वीस वर्षं हेच सांगतेय. तरी दर पुस्तकाला कुणीतरी नव्याने सुचवतंच.

मग कात्री. लेखक भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. फोनवर पानापानाने बसलो. शब्दसूची उडवा, असा मालकांचा निरोप होता. तो मी सरांपर्यंत पोचवलाच नाही. संध्याकाळपर्यंत अडीच पानं गेली. उरलेलं अर्धं मी परिमाणाचा, म्हणजे मॅग्निट्यूडच्या आकड्याचा, मजकूर आवळून काढलं आणि वाचून दाखवलं: "परिमाण एकाने वाढलं की भूकंप दहापट मोठा."

पलीकडे शांतता. मग, "मोठा म्हणजे काय हो?"

मला सांगता येईना. दहापट वाढतो तो भूकंपमापकावरच्या लाटांचा आयाम, म्हणजे त्यांची उंची. ऊर्जा सुमारे ३२पट. शिवाय परिमाण अख्ख्या भूकंपाचं एकच, तीव्रता, म्हणजे त्या त्या जागी बसलेला हादरा, मात्र गावोगावी वेगळी. आपली वर्तमानपत्रं दोन्हींना बिनदिक्कत 'तीव्रता' म्हणतात. तो घोळ निस्तरायला हे पुस्तक घेतलं, आणि मी त्यात स्वतःची भर घालत होते.

दुरुस्ती केली, तर तीन ओळी पुन्हा १२९व्या पानावर. सात वाजून गेलेले, प्रेसवाल्यांचे दोन फोन होऊन गेलेले. तेव्हा सरांना न विचारता किल्लारीच्या पानावरच्या तीन ओळी काढल्या. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे माणसं गाडली गेली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांखाली, एवढं राहिलं. गेलं ते हे: गळू नये म्हणून माळवदावर वर्षानुवर्षं माती चढत जायची, छप्पर जड होत जायचं. मला तो त्या वेळी नुसता तपशील वाटला.

छापील प्रत चाळून सर एवढंच म्हणाले, "सुबक झालंय." ती दाद होती की टोला, अजून उलगडलेलं नाही. विचारायचा धीरही झालेला नाही.

१२८व्या पानाच्या तळाशी चार ओळींची मोकळी जागा आहे. शब्दसूचीत 'तीव्रता' दोनदा आलं होतं. फाइल पाठवता पाठवता डीटीपीवाल्याने एक नोंद काढून टाकली, मला न विचारता.