इंग्रजीतला पिवळा पीतांबर

'पिवळा पीतांबर' किंवा 'गाईचे गोमूत्र' म्हणणाऱ्याची मराठीत लगेच थट्टा होते; पण 'रिटर्न बॅक', 'रिपीट अगेन', 'फायनल आउटकम' किंवा 'ॲडव्हान्स प्लॅनिंग' लिहिणाऱ्याला आपल्याकडे सहसा कोणी हटकत नाही, कारण इंग्रजीत एखादा शब्द जास्त पडला तर मजकूर अधिक भारदस्त दिसतो, अशी आपली समजूत असते. उत्तर इंग्लंडमधील एका कौन्सिलमध्ये, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या संस्थेत, नागरिकांना पाठवायच्या पत्रांचे मसुदे तपासणे हे माझे काम आहे, आणि ही समजूत येथे फार काळ टिकत नाही. ज्या आजोबांना कचऱ्याची गाडी बुधवारी येणार की गुरुवारी एवढेच हवे आहे, त्यांना भारदस्तपणाशी काही देणेघेणे नसते.

ही खोड केवळ परदेशातून आलेल्यांची आहे असेही नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा सहकाऱ्यांचे मसुदेही याच रोगाने पछाडलेले असतात. परवा हातात आलेल्या एका सूचनेत लिहिले होते : 'द ऑफिस विल बी टेम्पररिली क्लोज्ड फॉर अ शॉर्ट पीरियड ऑफ टाइम फ्रॉम 9 ए.एम. इन द मॉर्निंग अन्टिल 12 नून.' नऊ ते बारा असे सांगितल्यावर कार्यालय तात्पुरते बंद आहे आणि थोडाच वेळ बंद आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही, 'पीरियड' म्हटले की 'टाइम' त्यात आलाच, आणि 'ए.एम.' सकाळीच असते. या सगळ्या गर्दीत तारीख मात्र लिहायची राहून गेली होती. माझ्या अनुभवात हे नेहमीचे आहे : जेथे एकच गोष्ट तीनदा सांगितलेली असते, तेथे जवळपास कुठेतरी आवश्यक गोष्ट गळालेली असते. फालतू शब्द काढल्यावर उरलेल्या जागेत आम्ही तारीख घातली आणि त्या सकाळी चौकशीसाठी कोठे जावे, तेही लिहिले.

सरकारी इंग्रजीवरची ही नाराजी ब्रिटनमध्ये जुनी आहे. 9 ऑगस्ट 1940 रोजी, देशावर बॉम्बहल्ल्यांचे सावट असताना, चर्चिल यांनी मंत्रिमंडळाला टिपण पाठवून अहवालांतील भरताडाचे शब्द गाळण्यास सांगितले. युद्धानंतर अर्थखात्याच्या विनंतीवरून सर अर्नेस्ट गावर्स यांनी नोकरशहांसाठी 'प्लेन वर्ड्स' ही पुस्तिका लिहिली, जी 1948 मध्ये निघाली आणि तिचे विस्तारित रूप 1954 मध्ये आले. पुढे 1979 मध्ये, किशोरवयापर्यंत स्वतः वाचता न येणाऱ्या लिव्हरपूलच्या क्रिसी मेहर यांनी संसदेसमोरच्या चौकात सरकारी अर्जांचे गठ्ठे यंत्रात घालून त्यांच्या चिंध्या केल्या आणि 'प्लेन इंग्लिश कॅम्पेन' सुरू झाले.

तरीही एकाच अर्थाच्या शब्दांच्या काही जोड्या हटत नाहीत, आणि त्यांचे मूळ कायद्यात आहे. आपल्या भारतीय पारपत्राचे आतले पान उघडून पाहावे. तेथे धारकाला 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' जाऊ द्यावे, अशी राष्ट्रपतींच्या नावाने विनंती केलेली आहे, आणि ती विनंतीही 'रिक्वेस्ट अँड रिक्वायर' अशी दुहेरी आहे. ब्रिटिश पारपत्रातील मजकूर याच घराण्यातला आहे. येथे 'लेट' म्हणजे परवानगी नव्हे, तर अडथळा. त्या जुन्या अर्थाचा शब्द आता या ठरावीक वाक्यापलीकडे फारसा उरलेला नाही. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबाराची आणि न्यायालयाची भाषा फ्रेंच झाली, तर प्रजा इंग्रजी बोलत राहिली. 1362 मध्ये न्यायालयात युक्तिवाद इंग्रजीतून व्हावेत असा कायदा झाला. तो कायदा लिहिला गेला तो मात्र फ्रेंचमध्येच. अशा दुभाषी काळात एक शब्द या भाषेतला आणि एक त्या भाषेतला शेजारी बसवण्याची रीत पडली, आणि 'विल अँड टेस्टामेंट', 'गुड्स अँड चॅटल्स' ('चॅटल्स' म्हणजेही चीजवस्तूच) यांसारख्या जोड्या रूढ झाल्या. अर्थात सगळा दोष दोन भाषांवर टाकता येत नाही. 'नल अँड व्हॉइड' मधले दोन्ही शब्द फ्रेंच वळणाचेच आहेत. एखादी फट राहू नये ही वकिलांची धास्ती त्यामागे आहे, आणि पानांवर मेहनताना मोजण्याची जुनी पद्धतही आहे. 1596 मध्ये मिलवर्ड नावाच्या एका पक्षकाराच्या मुलाने सोळा पानांत मावणारा मजकूर 120 पाने फुगवला, तेव्हा न्यायाधीशांनी त्या कागदांच्या मधोमध भोक पाडून त्यातून त्याचे डोके बाहेर काढावे आणि त्याला वेस्टमिन्स्टर हॉलमधून, म्हणजे तेव्हा न्यायालये जेथे भरत तेथून, फिरवावे, असा हुकूम दिला. कौन्सिलच्या बैठकीत ही शिक्षा पुन्हा सुरू करावी असे सुचवण्याचा मोह मला अधूनमधून होतो.

मराठी माणसाला दोन भाषांचा हा शेजार नवा नाही. 'बाजारहाट' मधला बाजार फारसीतून आला आणि हाट इकडचाच. 'कागदपत्र' मध्येही तोच प्रकार आहे. आपल्या कानाला जोडशब्द भरलेला वाटतो, एकटा शब्द उघडा वाटतो, आणि इंग्रजी लिहितानाही हा कान आपली साथ सोडत नाही. त्यात अदबीची भर पडते : 'प्लीज' एकट्याने कोरडे वाटते म्हणून 'काइंडली प्लीज' होते. 'रिव्हर्ट बॅक' चे दुखणे मात्र वेगळे आहे; आपण ते 'उत्तर पाठवा' या अर्थाने लिहितो, पण येथील वाचक 'रिव्हर्ट' चा अर्थ पूर्वस्थितीला जाणे असा घेतो, त्यामुळे उत्तर पाठवण्याऐवजी नेमके काय पूर्ववत करायचे आहे, याच विचारात तो पडतो. तेथे 'रिप्लाय' पुरेसे आहे.

सरसकट कात्री लावण्याच्या मी विरोधात आहे. 'कझिन ब्रदर' वर येथे हसतात, पण मामेभाऊ आणि आतेबहीण वेगळे सांगणाऱ्या माणसाला नुसता 'कझिन' अपुरा वाटणारच, आणि त्यातला 'ब्रदर' निदान काही माहिती तरी देतो. रुग्णालयाच्या कागदावरचे 'पास्ट मेडिकल हिस्टरी' पाहून नवशिके नाक मुरडतात, पण डॉक्टर सध्याच्या तक्रारीची, औषधांची आणि कुटुंबाची 'हिस्टरी' वेगवेगळी लिहितात, म्हणून तेथे 'पास्ट' ला काम आहे. दुकानातल्या 'नान ब्रेड' बद्दलही माझी तक्रार नाही. ज्याने नान कधी खाल्ला नाही त्याला 'ब्रेड' मुळे कळते की हे काय आहे. शब्द काढून वाक्य पुन्हा वाचावे आणि वाचकाचे काही बुडाले का ते पाहावे. 'क्लोज प्रॉक्सिमिटी', 'ब्लू इन कलर', 'जॉइंट कोलॅबोरेशन' यांत काहीच बुडत नाही.

भारतातून येथील विद्यापीठांत पदवीसाठी अर्ज करणाऱ्यांची निवेदने माझ्याकडे पाहण्यासाठी येतात, आणि हा हिशोब त्यांना सर्वांत आधी लागू पडतो. 'युकॅस' या, पदवीप्रवेशाचे अर्ज घेणाऱ्या येथील संस्थेच्या निवेदनाला मोकळ्या जागा धरून 4000 अक्षरांची मर्यादा आहे. 'ॲट धिस पॉइंट इन टाइम' ही रचना इंग्रजीत 21 अक्षरे खाते, 'नाऊ' तीन; 'ड्यू टू द फॅक्ट दॅट' वीस, 'बिकॉज' सात. सर्वाधिक जागा अडवतात त्या 'पॅशनेट अँड एन्थुझिॲस्टिक', 'होप्स अँड ड्रीम्स' अशा जोड्या, ज्या जवळजवळ प्रत्येक अर्जात असतात आणि म्हणून अर्जदाराबद्दल काहीच सांगत नाहीत. त्यांच्या जागी बारावीच्या प्रयोगशाळेत कोणता प्रयोग फसला आणि तो पुन्हा करताना काय बदलले, हे एका वाक्यात लिहिता येते.