दादाची म्युनिकमधली येळवस

आज येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, रानात पांडव पुजायचा आमच्या लातूरकडचा सण. औशाकडच्या आमच्या शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत चुन्यानं रंगवलेले 5 दगड, तेच पांडव. दुपारी साडेबाराला दादाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं सकाळचे 8, खिडकीबाहेर आत्ता कुठं उजाडत होतं. त्यानं कुंडीत 5 खडे मांडले होते! आईनं दिलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील रात्रीच करून ठेवलेली. भज्जीला, म्हणजे येळवसीच्या मिसळ भाजीला, हिरवा हरभरा, ओली तूर तिकडं कुठून मिळणार, फ्रोजन वटाण्यावर भागवलं. बाजरीच्या पिठाचे गोळे, म्हणजे उंडे, मात्र जमले, अगदी घरच्यासारखे. 9 वाजता ड्युटी, येळवसीची सुट्टी तिकडं कोण देणार? आंबील शिंपडत रानाला फेरी मारताना आईनं फोन हातातच धरला, त्यालाही फेरी घडावी म्हणून. तोही तिकडून मोठ्यानं "हर हर महादेव" म्हणाला. फोन ठेवल्यावर आई कितीतरी वेळ मोबाईल पदरानं पुसत बसली.