खांदेरीच्या लढाईच्या पहाटे पाणी किती होतं?

ऐतिहासिक कादंबऱ्यांचं संपादन करताना मला सर्वांत जास्त भीती सुंदर प्रकरणांची वाटते. ओबडधोबड मजकूर आपण डोळ्यांत तेल घालून तपासतो. सुंदर मजकूर मात्र आपल्याला सोबत ओढून नेतो आणि शंका घ्यायचं राहून जातं. त्या दिवशी टेबलावर होतं ते असंच एक प्रकरण होतं. कादंबरी १६७९ सालच्या खांदेरीच्या मोहिमेवरची. खांदेरी हे मुंबईच्या दक्षिणेला थळच्या किनाऱ्यासमोरचं बेट. शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला आणि तो रोखायला मुंबईच्या इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. नायक मावळातला एक शिलेदार, कडे-कपारीत वाढलेला, समुद्र कधी न पाहिलेला. मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन ऑगस्टअखेर खांदेरी बेटावर उतरला आणि त्याने तटाचं काम सुरू केलं, त्या तुकडीत लेखकाने आपला मावळा घातला होता. पुढे हाच मावळा महाराजांचा आरमारप्रमुख दौलतखान याच्या ताफ्यातल्या एका गलबतावर चढतो आणि १८ ऑक्टोबरच्या लढाईत सापडतो.

लेखक निवृत्त शिक्षक, अभ्यासू माणूस. लढाईची पहाट त्यांनी कोजागिरीच्या आदल्या रात्रीला जोडली होती. टिपूर चांदणं, चंदेरी पाण्यावरून सरकणारी पन्नास-साठ गलबतं, वल्ह्यांवरून ओघळणारा उजेड, आणि त्या चांदण्यात मावळ्याला आठवणारं घर. सबंध कादंबरीतलं हे सर्वांत देखणं प्रकरण. दुसऱ्या दिवशी पुस्तक छपाईला जायचं होतं.

मला खटकली ती एक साधी गोष्ट. इंग्रजांच्या बाजूच्या हकिकतीत असं येतं की मराठी आरमार किनाऱ्याकडून इतक्या झपाट्याने आलं की इंग्रज जहाजांना नांगर उचलायलाही जेमतेम सवड मिळाली. त्यांची आठ जहाजं होती: रिव्हेंज हे मोठं लढाऊ जहाज, दोन गुराबा म्हणजे शिडांची मध्यम जहाजं, आणि बाकी शिबाडं-मचवे अशा लहान नावा. कीग्विनसारखा मुरलेला दर्यावर्दी त्यांचा प्रमुख होता. वेढा घालून बसलेले हे लोक पहाऱ्यावर झोपा काढत नव्हते. मग जवळजवळ पूर्ण चंद्राच्या उजेडात पन्नास-साठ गलबतं येताना त्यांना दिसली कशी नाहीत? पहाटेला असा चंद्र पश्चिमेकडे कललेला असतो. इंग्रज समुद्राच्या बाजूला, मराठे किनाऱ्याच्या बाजूने येणारे. म्हणजे चंद्राचा उजेड थेट मराठ्यांच्या शिडांवर पडणार. दिवे लावून चाल करून जाण्यासारखाच हा प्रकार.

मी लेखकांना फोन केला. म्हटलं, "सर, कोजागिरी कुठून आली?"

"मॅडम, मी अंदाजाने लिहीत नाही. संगणकावर १८ ऑक्टोबर १६७९ घालून चंद्र पाहिला. कोजागिरी एक-दोन दिवसांवर होती."

त्यांनी पाहिलेलं खरं होतं. अडचण तारखेतच होती. इंग्लंडने नवी दिनदर्शिका १७५२ पर्यंत स्वीकारली नव्हती. कंपनीच्या मुंबई-सुरतेच्या कागदांत सतराव्या शतकात ज्या तारखा आहेत, त्या जुन्या पद्धतीच्या, म्हणजे आजच्या हिशेबात दहा दिवस मागे. पोर्तुगालने १५८२ मध्येच नवी पद्धत घेतली होती. त्यामुळे इंग्रजांच्या कागदात १८ ऑक्टोबर असलेली ती सकाळ चौलच्या पोर्तुगिजांकडे २८ ऑक्टोबर होती. एकाच समुद्रावर, हाकेच्या अंतरावर, दोन तारखा. संगणकाला हे कोण सांगणार? त्याने १८ ऑक्टोबर ही नवी तारीख धरली आणि दहा दिवस आधीचा चंद्र दाखवला.

पंचांगाचं गणित करणाऱ्या एका स्नेह्यांना मी २८ ऑक्टोबर देऊन तिथी काढायला सांगितली. अर्ध्या तासात उत्तर आलं: शके १६०१, अश्विन वद्य अष्टमी-नवमीचा सुमार. चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवणार, अर्धा, आणि पहाटे डोक्यावर येणार. दिवाळीची अमावस्या आठवड्याभरावर आलेली.

इथपर्यंत हे तारखेच्या दुरुस्तीचं काम होतं. कोजागिरी काढायची, अर्धा चंद्र घालायचा, दोन परिच्छेद बदलायचे. लेखक नाराज झाले, पण तयार होते. खरा धक्का त्यानंतर बसला.

थळचे एक तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, माझ्या ओळखीचे आहेत. आम्ही समुद्रावरचं पुस्तक करतो तेव्हा दोर, वल्ही, वारा यांबद्दल त्यांना विचारतो. त्यांना मी नाना म्हणते. म्हटलं, नाना, तुमच्या किनाऱ्यावरून खांदेरीकडे पहाटे होड्या काढायच्या, लढाईला. कोजागिरीच्या आदल्या दिवशी काढल्या तर काय आणि वद्य अष्टमीला काढल्या तर काय?

त्यांनी विचार करायलाही वेळ घेतला नाही. "ताई, कोजागिरीला पहाटे होड्या चिखलात बसलेल्या असतील. त्या वेळी पाणी कुठं असतं?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. तिथीला पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला पाठ असलेला हिशेब. चतुर्दशी म्हणजे चौदा, त्याची पाऊणपट साडेदहा. भरती सकाळी साडेदहाला. त्याच्या सहा तास आधी, पहाटे साडेचारच्या सुमाराला, ओहोटीने तळ गाठलेला. शिवाय पौर्णिमा जवळ म्हणजे उधाणाचे दिवस. उधाणात पाणी जेवढं चढतं तेवढंच खोल उतरतं. खाड्यांच्या तोंडावरचे वाळूचे दांडे उघडे पडतात, किनाऱ्यालगतची होडी कलंडून बसते. लेखकाने ज्या वेळी गलबतं चंदेरी पाण्यावरून सरकवली होती, त्या वेळी ती जागची हललीच नसती.

"आणि अष्टमीला?"

"आठाची पाऊणपट सहा. पहाटे पाणी भरत आलेलं. भांगाचं पाणी, उधाणाइतकं चढणार नाय, पण ओढही कमी. सहाला काठोकाठ. मग ओहोटी लागते, ती बाहेरच नेते. आणि दिवाळीच्या तोंडावर पहाटेचा मतलई वारा असतोच. तोही जमिनीवरूनच वाहतो. मागनं वारा, खाली पाणी, दोन्ही तुमच्या बाजूचं. मी असतो तर मीही तेव्हाच निघालो असतो."

मी फोन ठेवला आणि काही वेळ नुसती बसून राहिले. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा एक निर्णय अचानक दिसू लागला होता. दौलतखानाने नेमका काय विचार केला, हे सांगणारा कागद माझ्यासमोर नव्हता, आणि त्याच्या तोंडी तो घालायचा हक्कही मला नाही. पण अष्टमीची तिथी, भरत आलेलं पाणी, मागून मतलई, अर्ध्या चंद्राचा अपुरा उजेड, मागे किनाऱ्याची आणि डोंगरांची काळी रेघ, तीत न दिसणारी गलबतं, आणि नांगर उचलायला सवड न मिळालेले इंग्रज: या सगळ्याची सांगड एका पहाटेत बसत होती. कोजागिरीच्या चांदण्यात यातली एकही गोष्ट बसत नव्हती.

लेखकांना दुपारी कार्यालयात बोलावलं. प्रकरण पुन्हा लिहावं लागेल, छपाई पुढे ढकलू, असं मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वाचकाला भरती-ओहोटीचं काय? त्याला माणूस हवा असतो."

या वाक्याशी मी आयुष्यभर भांडत आले आहे. समुद्रावरच्या लढाईत माणूस भरती-ओहोटीतच घडतो. त्यांच्या मावळ्याचंच बघा. डोंगरातला लढवय्या जमिनीचा उतार, झाडोरा, वाट यांवर जगतो. कुठे दबा धरायचा, कुठून निसटायचं, हे त्याच्या पायांना कळतं. गलबतावर पायांखालचं सगळं हलतं. तोड्याच्या बंदुकीची पेटती जामगी पाण्याच्या फवाऱ्यापासून जपायची. शत्रू दिसतोय, पण त्याच्यापर्यंत धावत जाता येत नाही. जवळ कधी जायचं हे वल्हेकरी, वारा आणि तांडेल ठरवणार. हातात तलवार असूनही हातात काही नाही, ही त्याची खरी कोंडी. पहिल्या खर्ड्यात हा माणूस चांदण्यात घर आठवत बसला होता. घर कोणालाही आठवेल. पहाटेच्या काळोखात खाडीच्या तोंडाशी, पाणी पुरेसं चढण्याची वाट बघत, तासभर निमूट बसावं लागणं, आणि आपल्याहून वयाने लहान कोळ्याचा पोरगा पाण्यात काठी खुपसून "अजून नाय" म्हणतो तेव्हा त्याचं मुकाट ऐकावं लागणं, हे फक्त या मावळ्याच्या वाट्याला येऊ शकतं.

हे मी बोलून गेले आणि लेखकांनी खिशातून पेन काढलं.

पुढचा भाग आम्ही दोघांनी संध्याकाळपर्यंत बसून उलगडला. गलबत हलकं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, उथळ पाण्यातून जाणारं, तोफा लहान. रिव्हेंजच्या तोफा जड आणि बाजूंना बसवलेल्या. म्हणून गलबताने तिच्या कुशीत जायचं नाही, पिछाडीने यायचं. वारा पडला की शिडाचं जहाज जागच्या जागी, वल्ह्याचं गलबत मात्र मोकळं. हे डावपेच मावळ्याला कोणी समजावून सांगत नाही. त्याच्या ते हळूहळू लक्षात येतात, कारण गनिमी काव्याची चाल तो ओळखतो, फक्त जमिनीची जागा पाण्याने घेतलेली असते. या एका जागी त्याचं डोंगरातलं शहाणपण उपयोगी पडतं. मला कादंबरीतला हा सर्वांत मोलाचा क्षण वाटतो.

लढाईच्या शेवटाबद्दल मात्र आमचं खरोखर वाजलं. लेखकांच्या खर्ड्यात मराठे पूर्ण विजयी होते. घडलं ते वेगळं. अर्ध्या तासाच्या आत इंग्रजांची एक गुराब मराठ्यांच्या हाती लागली, दुसरी दूर राहिली, लहान नावा पळाल्या. रिव्हेंज एकटी उरली. पण त्या एकटीने इतका मारा केला की मराठी आरमाराला मागे फिरावं लागलं, आणि नागोठण्याच्या खाडीकडे ते हटलं. लेखक म्हणाले, वाचकांना हे रुचणार नाही. मी म्हटलं, हे वाचकाला सांगायची आपल्याला लाज का वाटावी? खांदेरी त्या सकाळी जिंकली गेली नाही, आणि गमावलीही गेली नाही. बेटावर धान्य, दारूगोळा, माणसं नेणाऱ्या लहान नावा त्यानंतरही रात्री-अपरात्री इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटतच राहिल्या. मोठी जहाजं त्यांना अडवू शकली नाहीत. नोव्हेंबरात जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार इंग्रजांच्या मदतीला आलं, तरी बेट पडलं नाही. जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने शेजारचं उंदेरी बळकावलं. त्याच सुमाराला इंग्रजांनी महाराजांशी तह करून वेढ्यातून अंग काढून घेतलं. खांदेरी स्वराज्यातच राहिली. शिवाजी महाराज गेले ते ३ एप्रिल १६८० ला, म्हणजे ही त्यांच्या अखेरच्या महिन्यांतली मोहीम. तिचं मोठेपण एका सकाळच्या जयजयकारात कोंबायची गरज नाही. ते त्या रात्रींच्या खेपांत आहे, आणि ते लिहायला अवघड आहे म्हणून सहसा कोणी लिहीत नाही.

लेखकांनी बराच वेळ कागदावर रेघोट्या मारल्या. मग म्हणाले, "मग याला मागे फिरलेल्या गलबतावरून पुन्हा बेटावर नेतो. पोती घेऊन. दिवाळी कधी म्हणालात?"

वसुबारस तीन-चार दिवसांवर, अमावस्या आठवड्याभरात. काळोख वाढत जाणार, उधाण परत येणार. त्यांनी तिथ्या लिहून घेतल्या आणि प्रत्येकीपुढे भरतीची वेळ मांडली. पाऊणपट करताना एका ठिकाणी चुकले तर स्वतःच खोडून दुरुस्त केलं.

नवं प्रकरण तीन आठवड्यांनी आलं. आधीच्यापेक्षा लांब होतं आणि त्यात चांदण्याचा एकच उल्लेख होता. मी ते नानांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी एकच बदल सुचवला: वल्ह्यांचा आवाज मारायला खुंट्यांना चिंध्या गुंडाळल्याचं लिहिलं होतं, तिथे त्या चिंध्या ओल्या करायला सांगा, कोरड्या करकरतात. तेवढं शब्दशः घालून आम्ही पुस्तक छपाईला पाठवलं.